जुन्या मोटारीचा बंद पंखा : आधीं तपासणी, मग खर्च
विहिरीवरील पंप चालेनासा झाला, तर आपल्यांपैकीं कोणीहि लागलीच पंप वर काढून नवा आणीत नाहीं. प्रथम वीज आहे कीं नाहीं हें पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर आणि सर्वांचे शेवटीं पंप. हें शहाणपण आपण पदरचे पैसे खर्चून शिकलों आहों. परंतु तोच शेतकरी आपली वीस वर्षांची जुनी मोटार घेऊन मिस्त्र्याकडे निघाला, म्हणजे हें शहाणपण घरीं ठेवून जातो. रेडिएटरचा विजेचा पंखा फिरेनासा झाला, कीं “मोटर जळाली” असा निकाल तपासाशिवाय दिला जातो, व आपण तो मुकाट्यानें मान्य करतों.

आमचीच गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं ऐन वैशाखांत वडील बहिणीस पुण्याच्या दवाखान्यांतून गांवीं आणीत असतां, खंबाटकी घाटांत मालमोटारींच्या रांगेमागें आमची गाडी अडकली. कांटा तांबड्या रेघेपर्यंत चढला व आजारी माणसास भर उन्हांत दोन तास रस्त्याच्या कडेस बसावें लागलें. पुढें एका मिस्त्र्यानें पंख्याची नवी मोटर बसवून साडेतीन हजार रुपये घेतले. आठ दिवसांत पंखा पुन्हां बंद! अखेरीस गांवांतील पंप दुरुस्त करणाऱ्या एका मुलानें बारा व्होल्टच्या लहानशा दिव्यास दोन तारा जोडून अर्ध्या घटकेंत दोष दाखविला. पंख्याची अर्थची तार गाडीच्या सांगाड्यास जेथें जोडली होती, तेथें गंज चढला होता. पॉलिश कागदानें ती जागा घासतांच पंखा फिरूं लागला. काढून टाकलेली जुनी मोटरहि बॅटरीवर लावून पाहिली, तों ती उत्तम चालली!

जुन्या जीपगाडींत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. पट्टा तुटला तर डोळ्यांस दिसे. पुढें 1983 सालीं आलेल्या मारुती 800 सारख्या, पुढील चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवें बसविलेलें असल्यामुळें पंखा विजेवर चालवावा लागला. तेव्हांपासून दोष तारांत लपूं लागला, आणि न दिसणाऱ्या दोषापायीं माणूस सहज फसतो.

दोषाचा शोध क्रमानें घ्यावा. गाडी वेगानें धांवत असतां समोरचा वाराच पाणी थंड राखतो. पंख्याची खरी गरज बाजारांत, फाटकाशीं व घाटांत लागते. म्हणून गाडी उभी असतां तापत असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. धांवतांनाहि तापत असेल तर आधीं पाणी, रेडिएटर व थर्मोस्टॅट पाहावे. पाणी इंजिन पूर्ण निवाल्यावरच पाहावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडतां उकळतें पाणी अंगावर उसळतें.

पाणी पुरेसें असेल तर फ्यूज पाहावा. गेला असेल तर तितक्याच अँपिअरचा दुसरा घालावा. तोहि गेला, तर मोटर अडकली आहे किंवा तार कोठें तरी सांगाड्यास चिकटली आहे, असें समजावें. त्या जागीं जाड तार कदापि घालूं नये. पंपाच्या पेटींत ही खोड आपणांस जडलेली आहे. मोटारींत तिच्यामुळें सबंध गाडी पेटूं शकते.

मग पंख्याची जोडणी सोडवून, मध्यें फ्यूज ठेवून, बॅटरीवरून थेट वीज द्यावी. हात व कपडा पात्यांपासून दूर ठेवावा. पंखा चालला, तर मोटर निर्दोष आहे. काठीनें हलकेंच ठोकल्यावरच चालत असेल, तर आंतील कार्बन झिजले आहेत. मोटर चांगली ठरल्यास रिले पाहावा. हा रिले म्हणजे आपल्या स्टार्टरचाच धाकटा भाऊ होय. लहान प्रवाहानें मोठा प्रवाह जोडणें हें त्याचें काम. तो काढून त्याच्या खांचेंतील 30 व 87 या दोन जागा जाड तारेनें क्षणभर जोडल्या असतां पंखा फिरला, तर दोष रिलेंत किंवा त्यास हुकूम देणाऱ्या थर्मो स्विचमध्यें आहे. दोन तारांचा साधा स्विच असल्यास इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून त्याच्या तारा एकत्र जोडून पाहाव्या; पंखा फिरला तर स्विच बदलावा. जेथें पंखा संगणकाच्या हुकुमानें चालतो, त्या गाड्यांत मात्र हा प्रयोग करूं नये. आणि खांच जोडूनहि पंखा फिरला नाहीं, तर फ्यूजपासून पंख्यापर्यंतची तार व अर्थची जागा तपासावी.

आम्ही उभी हयात महसूल खात्यांत घालविली. सातबाऱ्यावर चुकीचें नांव दिसलें, तर आम्ही दप्तर फाडीत नसूं. फेरफाराच्या क्रमांकावरून मागें मागें जात मूळ चूक शोधीत असूं. गाडीच्या दोषाचेंहि असेंच आहे.

यांत सारा दोष मिस्त्र्यांच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. अर्धा तास तपास करून गंज घासणाऱ्यास आपण चहा पाजून वाटेस लावतों, आणि नवा माल बसविणाऱ्यास मात्र हजारों रुपये मोजतों. मग त्यानें तपास कां करावा? आमचे मतें तपासणीची मजुरी वेगळी ठरवून ती आनंदानें द्यावी, काढलेला माल परत मागून घ्यावा व तो आपल्यासमोर बॅटरीवर लावून दाखविल्याशिवाय नव्या मालाचे पैसे देऊं नयेत. पंख्यास थेट बटण लावून देण्याची तडजोडहि घरीं पोहोंचण्यापुरतीच स्वीकारावी. बटण दाबण्याचा एकदां विसर पडला, तर इंजिनाचें हेड वांकून पंख्याच्या कित्येकपट खर्च येतो.

संघाच्या चालकांस आमची विनंती आहे कीं, पुढील मेळाव्यांत बियाणें व खतें यांबरोबर एक जुनी मोटार उभी करून ही तपासणी सभासदांकडूनच करवून घ्यावी. दिव्यास खर्च थोडा; परंतु तो हातीं धरण्याची संवय लागली, तर घाटांत कोणाच्या घरच्या आजारी माणसास उन्हांत बसावें लागणार नाहीं.