कचऱ्याचा धनी कोण?

भूतदया हा शब्द आपल्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडी फार. मुंगीला साखर घालावी, गाईला घास काढून ठेवावा, उन्हाळ्यात पाखरांसाठी गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवावे, हे संस्कार आपल्या घरांतून अद्यापि नाहीसे झालेले नाहीत, आणि ते होऊ नयेत अशीच आमचीही इच्छा आहे. अलीकडे या दयेत निसर्गप्रेमाची भर पडली आहे. हिमालयातील बर्फ वितळते म्हणून हळहळणारे आणि समुद्रातील कासवाच्या पोटात प्लास्टिक सापडले म्हणून व्याकूळ होणारे गृहस्थ आज प्रत्येक आळीत भेटतात. परंतु ज्या घरात ही दया आणि हे प्रेम नांदते, त्याच घराच्या दाराबाहेर रोज सकाळी एक डबा ठेवलेला असतो. त्या डब्यात आदल्या रात्रीचा आंबलेला भात, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, फुटलेल्या पेल्याच्या काचा, दाढीचे पाते आणि कागदाचा कपटाही न गुंडाळता टाकलेले सॅनिटरी पॅड, अशी सरमिसळ असते. या डब्यात कोणाचा तरी हात जावयाचा आहे, हे घरातील कोणासही ठाऊक नसते असे नाही. ठाऊक असूनही डबा तसाच भरला जातो. ज्या दयेला मुंगी दिसते आणि हा हात दिसत नाही, तिला दया म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपली भाषाच पाहावी. घरातून निघणारा कचरा करणारे आपण. परंतु ‘कचरेवाली’ हे नाव मिळते ते तो उचलून नेणाऱ्या बाईस. दूधवाला दूध देतो, भाजीवाली भाजी देते. मग जी काहीच देत नाही, उलट आपली घाण घेऊन जाते, ती कचरेवाली कशी? व्याकरणाच्या न्यायाने हे नाव आपल्यालाच शोभते. पण जी वस्तू आपल्या हातून सुटली ती आपली राहिलीच नाही, असा आपला दृढ समज आहे, आणि आमचा वाद या समजाशीच आहे.

कचरा दाराबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, याचा विचार करू. आपल्याकडील घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो: भाज्यांची देठे, फळांच्या साली, उष्टे, निर्माल्य. हा भाग वेगळा राहिला तर त्याचे खत होते. सुका भाग वेगळा राहिला तर कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक पुन्हा कारखान्यात जाते. एकाच डब्यात कालवले की दोन्ही वाया जातात. कागद भिजून मातीमोल होतो, साली प्लास्टिकच्या पिशवीत कोंडल्या जातात, आणि सगळा गोळा गावाबाहेरच्या ढिगावर जाऊन पडतो. तेथे हवा न मिळालेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने पृथ्वी तापविण्याचे त्याचे सामर्थ्य कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट आहे, आणि तो ज्वालाग्राहीही आहे. मुंबईच्या देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आला. जानेवारी २०१६ मध्ये त्या ढिगाला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला, तेव्हा कोठे शहराला आपल्या डब्याची आठवण झाली. पुण्याचा कचरा ज्यांच्या शिवारात वर्षानुवर्षे येऊन पडला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी आपल्या विहिरींसाठी व श्वासासाठी पुन्हापुन्हा गाड्या अडविल्या. त्या वेळी शहरातील सुशिक्षितांनी ‘कचरा तुंबला’ अशी ओरड केली. तो कोणी केला, हे विचारणारे थोडेच होते.

ढिगावर जाण्यापूर्वी या कचऱ्याची भेट माणसाशी होते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली कुटुंबेही त्यांत होती. कुत्र्यांशी झटापट करीत रस्त्यावरच्या कुंड्या उपसावयाच्या, काय विकले जाईल ते निवडावयाचे आणि वर चोर म्हणून हटकून घ्यावयाचे, असे ते जिणे होते. १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ साली महानगरपालिकेशी करार होऊन तिच्या सभासद स्त्रिया घरोघर कचरा नेऊ लागल्या. त्यांनी आपल्या श्रमाला प्रतिष्ठा मिळविली. पण कुंडी जाऊन दार आले, तरी डबा वेगळा झाला नसेल तर हातांच्या वाट्याला येणारी काच तीच राहते. डबा वेगळा करणे हे करारातून होणारे काम नव्हे. ते स्वयंपाकघरातच व्हावयाचे असते.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिला आक्षेप: ‘आम्ही कर भरतो, कचरा निवडणे हे महापालिकेचे काम.’ कराने गाडी मिळते, गाडीवानाचा पगार निघतो, खताचा कारखाना उभा राहतो. परंतु आपल्या घरातील पाते कागदात गुंडाळण्याची जबाबदारी कराच्या पावतीने फिटते, हा शोध नवा आहे. कर भरणारा गृहस्थ रस्त्यावर थुंकू लागला तर आपण त्यास पावती दाखविण्याची मुभा देत नाही. कायद्याचेही म्हणणे निराळे नाही. २००० सालच्या नियमांनी नगरपालिकांना वर्गीकरणाच्या कामास लावले आणि २०१६ सालच्या नियमांनी ओला, सुका व घातक कचरा वेगळा करून देण्याचे कर्तव्य स्पष्टपणे कचरा करणाऱ्यावरच टाकले.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे: ‘आम्ही वेगळा करून दिला तरी गाडीवाले तो एकत्रच करतात.’ अनेक गावांत हे घडते, आणि त्याविषयीचा संताप यथार्थ आहे. तथापि या संतापाचा अधिकार कोणास? ज्याने दोन डबे भरले त्यालाच ‘तुम्ही ते एक का केले?’ असे अधिकाऱ्यास दरडावून विचारता येते. ज्याने स्वतःच एक डबा भरला, त्याची तक्रार ही सबब असते. शिवाय गाडीत पुढे काय होईल ते होवो, दारापाशी तो डबा रिकामा करणारा हात तर वाचतो. दुसऱ्याने अन्याय केला म्हणून आपणही करावा, हे तर्कशास्त्र एरवी आपण मुलांच्या भांडणातही चालू देत नाही.

तिसरा आक्षेप विद्वानांचा: ‘कारखाने धूर ओकत आहेत, देशच्या देश कोळसा जाळीत आहेत, तेथे माझ्या एका डब्याने काय होणार?’ पृथ्वीच्या उष्णतेचा हिशेब मांडला तर एका घराचा वाटा नगण्य आहे, हे आम्हांस मान्य आहे, आणि मोठ्या दोषींना जाब विचारणे सोडून केवळ गृहिणीला उपदेश करणाऱ्यांचा आम्हांसही वीट आहे. परंतु काचेचा तुकडा सरासरी काढून बोचत नाही. तो एकाच तळहातात घुसतो, आणि तो तळहात ज्या घराच्या डब्यात गेला होता त्या घराचा वाटा तेथे थेंबाएवढा नसून पुरा सोळा आणे असतो. जगाच्या प्रश्नांत आपण क्षुद्र आहो, म्हणून दाराशी आलेल्या माणसाच्या बाबतीतही आपण क्षुद्रच राहावे, असे मात्र त्यातून निष्पन्न होत नाही.

चौथा पक्ष संस्कृत्यभिमान्यांचा. त्यांच्या मते आपल्या पूर्वजांना हे सर्व ठाऊकच होते: जुन्या लुगड्याची गोधडी होई, राखेने भांडी घासली जात, उष्टे गुरांना आणि शेण उकिरड्यात जाई. हे खरे आहे, आणि त्यातील काटकसर पुन्हा शिकण्याजोगी आहे. परंतु हेही खरे की, त्याच सोवळ्या घरांनी झाडणाऱ्याची सावली वर्ज्य मानली आणि त्याच्यासाठी मागचे दार ठेवले. आपल्या शुचितेची हद्द उंबरठ्यापाशी संपत असे. तेथून पुढे गाव घाण असले तरी घराला विटाळ होत नसे. आज मागचे दार गेले, पण हद्द तेथेच आहे. मार्च २०२० मध्ये आपण गच्चीत उभे राहून सेवकांसाठी थाळ्या वाजविल्या, आणि त्यानंतरच्या महिन्यांत वापरलेले मुखपट्टे त्याच थाळ्यांतील उष्ट्यासह त्याच सेवकांच्या हाती दिले. पूर्वजांचा अभिमान बाळगावयाचाच असेल तर तो निवडून बाळगावा. गाडगे महाराज रात्री कीर्तन करावयाचे तर त्याआधी गाव झाडून काढीत. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले. सवर्ण कैद्यास ते देण्याचा प्रघात नव्हता, म्हणून त्यांनी अन्न वर्ज्य केले, आणि येरवड्यास बंदिवान असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्याच आप्पासाहेबांनी मैल्याचे खत करण्याचे प्रयोग केले. घाण कोणी उचलावी आणि घाणीचे पुढे काय करावे, हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, हे त्यांनी जाणले होते.

आणखी एक पळवाट सांगितली पाहिजे, कारण ती सर्वांत सभ्य दिसते. काही घरांत डबे दोन असतात. पण निवडते मोलकरीण. गृहस्थ वर्तमानपत्र वाचतो, गृहिणी सूचना देते, आणि बाई उष्ट्यातून प्लास्टिक वेचते. याने हात वाचला नाही, केवळ बदलला. तसेच काहींनी निसर्गप्रेमाची दुकानदारी मांडली आहे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर प्रत्येक समारंभात कापडी पिशव्या वाटल्या गेल्या, आणि आज त्या कपाटांत गठ्ठ्यांनी पडून आहेत. दहाव्या नव्या पिशवीने पृथ्वीचे काही भले होत नाही. पहिली शंभर वेळा वापरल्याने होते.

मग करावयाचे ते काय? ते इतके थोडे आहे की सांगतानाही संकोच वाटावा. वस्तू टाकतानाच दोन डब्यांत टाकावी, म्हणजे पुढे कोणाला निवडावी लागत नाही. काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असे लिहावे. पाती आणि इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जुन्या डब्यात साठवाव्यात. पॅड कागदात बांधून त्यावर लाल खूण करावी. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नये, कारण तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही; पिशवी विसळून, वाळवून द्यावी. ज्यांच्याकडे गच्चीचा कोपरा आहे त्यांनी सच्छिद्र कुंडीत सालींवर पालापाचोळ्याचा थर देत जावे. दोन-तीन महिन्यांत खत होते आणि दुर्गंधीही येत नाही. आणि ही कामे घरातील पुरुषांनीही करावीत. या सगळ्यास दिवसाकाठी पाच-दहा मिनिटे पुरतात, आणि तेवढाही वेळ नाही असे म्हणणाऱ्याने आपला दिवस कसा जातो ते प्रामाणिकपणे मोजून पाहावे.

कायदा, गाड्या आणि कारखाने यांची लढाई लढलीच पाहिजे, आणि तीही सुशिक्षितांनीच पुढे होऊन. परंतु त्या लढाईच्या निकालापर्यंत थांबण्याची गरज नसलेले जे काम आहे, ते न करणाऱ्याने आपल्या भूतदयेची भाषा तरी आवरती घ्यावी. पाखरांचे भांडे खुशाल भरावे. त्याआधी डब्यातले पाते काढून कागदात गुंडाळावे.