बोरिवलीची मुसळी आणि आपली बरणी

सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव आपल्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. त्या नावातला पत्ता मात्र फार थोड्यांनी वाचला असावा. क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, म्हणजे बोरिवलीची. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव व त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. येऊरच्या डोंगराची पलीकडची उतरण म्हणजेच बोरिवली. तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वैद्यांना ही वनस्पती परकी नाही. असे असूनही आमच्या बहुतेकांच्या बरण्यांतील मुसळी कोठून येते, हे आम्हांस सांगता येत नाही. या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

पहिल्या पावसाबरोबर ही वनस्पती जमिनीतून वर येते. पाने मुळापासूनच निघतात, लांबट व देठरहित असतात. मधून पांढऱ्या फुलांचा तुरा येतो. याच कुळातील कोवळ्या पानांची भाजी फोडशी किंवा कुलू या नावाने आषाढात आपल्या बाजारांत आदिवासी भगिनी विकावयास आणतात. भाद्रपद-आश्विनात पाने पिवळी पडून वाळतात आणि वनस्पती दिसेनाशी होते. जमिनीखाली मात्र बोटांएवढ्या मांसल मुळ्यांचा झुबका पक्व होत राहतो.

घात येथेच होतो. पाने वाळल्यावर जंगलात मुसळी सापडत नाही, म्हणून खणणारा ती हिरवी असतानाच उपटतो. मुळी अपक्व राहते, बी पडलेले नसते आणि अंकुराचा गड्डाही जातो. गड्ड्याचा अंश सोबत नसेल तर सुटी मुळी पुन्हा रुजत नाही. बियांची उगवणही मुळातच अल्प. त्या हातांना आम्ही दोष देत नाही. कच्च्या मुळीलाही तोच भाव देणारा ग्राहक आम्हीच आहोत.

द्रव्यनिश्चितीविषयीही आपल्यात ढिलाई आहे. भावप्रकाशातील मुसली म्हणजे तालमूली; मधुर-तिक्त, उष्णवीर्य व बृंहण. बहुसंख्य वैद्य ती काळी मुसळी मानतात. सफेद मुसळीस तेच गुण सरसकट चिकटविणे शास्त्राला धरून नाही. बल्य, वृष्य व गुरु द्रव्य म्हणून तिचा अनुभव आपणांस आहे. परंतु अग्नी मंद असलेल्या रुग्णास ३ ते ६ ग्रॅम चूर्ण दुधातून दिले, तर पुष्टीऐवजी आमच वाढतो. जाहिरातींनी तिला ‘भारतीय व्हायग्रा’ ठरविले आणि मागणी अशा ठिकाणी नेली, जेथे पुष्कळदा गोक्षुर, कवचबीज किंवा अश्वगंधा यांनी काम भागले असते. आमच्या मते मुसळी कमी लिहिणे हेसुद्धा तिचे संवर्धनच होय.

बाजारात सफेद मुसळी म्हणून क्लोरोफायटमच्या इतर जाती येतात. उत्तरेकडे तर शतावरीच्या एका जातीलाच हे नाव आहे. कोवळ्या सावरीचे मूळ सेमल मुसळी म्हणून विकले जाते, ते निराळेच. एकदा चूर्ण झाले की डोळ्यांनी काहीही ओळखता येत नाही. फार्मसीचालकांनी तयार चूर्ण घेऊच नये. अखंड वाळलेली मुळी घ्यावी आणि ती आपल्या देखत दळावी.

उपाय लागवडीचा आहे, परंतु तो जुन्या चुका टाळून व्हावा. २००० च्या सुमारास मुसळीची लाट आली होती. बेणे अवाच्या सवा दराने विकले गेले, खरेदीची हमी अनेक ठिकाणी कागदावरच राहिली आणि शेतकरी पोळले. कोकणाची अडचण आणखी वेगळी. आपल्याकडील पावसात सपाट खाचरात मुळ्या कुजतात. वरकस उतारावर, उंच गादीवाफ्यावर, निचरा होणाऱ्या हलक्या जमिनीतच ती तग धरते. चार-पाच किलो ओल्या मुळ्या सोलून वाळविल्यावर जेमतेम एक किलो माल हाती येतो, हे भाव ठरविताना विसरू नये.

शहापूरच्या वनधन केंद्रातील कातकरी तरुणांनी गुळवेल थेट मोठ्या औषधनिर्मात्यांना पुरविली, ही गोष्ट २०२१ पर्यंत देशभर पोहोचली होती. गुळवेल कांडीवरून सहज रुजते, मुसळी तशी नाही. म्हणूनच तिला आगाऊ मागणीचा आधार अधिक लागतो. २०२३ साली सुधारलेल्या जैवविविधता कायद्याने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली आहे, पण त्यासाठी उत्पत्तीचा दाखला लागतो. तो दाखला आपल्या बिलासोबत मागण्याची सवय लावली, तर रानातला माल व शेतातला माल यांतील भेद प्रथमच कागदावर येईल.

आमची सूचना अशी. ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या फार्मसींनी आपापली वार्षिक गरज एकत्र करावी आणि अक्षय्य तृतीयेपूर्वी, म्हणजे बेणे जमिनीत जाण्याआधी, शहापूर-मुरबाडच्या लागवडदारांशी दर लिहून घ्यावा. माल पाने वाळल्यानंतर, मुळीची साल गडद झाल्यावरच खणलेला असावा, ही अट त्यात असावी. दर बाजारापेक्षा काहीसा चढा पडेल. तो फरक रुग्णाच्या बिलात न टाकता पहिली दोन वर्षे आपण सोसावा, असे आम्हांस वाटते.