औषध देणाऱ्याच्या मनाची तालीम

अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात बसलेला चालक आणि घरी सासऱ्यांना रात्रीचे इन्सुलिन टोचणारी सून, या दोघांत साम्य ते काय, असे कोणी विचारील. घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या वाचकांत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले कोणी असतील, तर त्यांना हा प्रश्न विचित्र वाटणार नाही.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकून राहिली. कक्षातील दिवा मात्र ती बंद झाल्याचे सुचवीत होता. कारण तो झडपेची स्थिती नव्हे, तर ‘बंद हो’ ही आज्ञा गेली एवढेच दाखवीत असे. भट्टीत पाणी पुरेसे आहे अशा समजुतीने चालकांनी आणीबाणीचा पाणीपुरवठाच कमी केला आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. ती माणसे निष्काळजी नव्हती. जे दिसले त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, इतकेच. पुढे अभियंते यंत्राबरोबर चालकाच्या विचारांचीही प्रतिकृती संगणकात उभारू लागले : त्याला काय दिसेल, तो काय गृहीत धरील, घाईत कोणती पायरी गाळील.

आपल्या घरातही असा फसवा दिवा असतो. वहीतील ‘गोळी दिली’ ही खूण गोळी हातावर ठेवल्याचे सांगते, गिळल्याचे नव्हे. गालात धरलेली गोळी उशीखाली सापडते ती म्हणूनच. खूण घोट घेतल्यानंतर करावी.

त्याहून गंभीर गोष्ट इन्सुलिनची. आपल्याकडे अनेक कुप्यांत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पेनच्या काडतुसात आणि काही कुप्यांत १००. सिरिंजही त्यानुसार दोन प्रकारच्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. मंद प्रकाशात लाल-नारिंगी ओळखणे साठीपुढच्या डोळ्यांना कठीणच. (हे रंग ठरविणाऱ्यांना मोतीबिंदू नसावा!) पेन बिघडले म्हणून काडतुसातले इन्सुलिन कोणी लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट, ४० च्या कुपीला नारिंगी सिरिंज लावली तर जेमतेम ८. सुई टोचणाऱ्याला दोन्ही वेळा आकडा २० च दिसतो. त्याची काय चूक?

म्हणून ब्युरोमार्फत नवी मावशी कामावर येईल तेव्हा तिला नुसते सांगू नका. शेजारी बसून दिवसभराची औषधे तिच्याकडून एकदा करवून घ्या, मध्येच फोन वाजू द्या, दिवाही मंद ठेवा. सुई मात्र खरी टोचायची नाही. ती कुठे अडखळते ते पाहा आणि तिला न रागावता तेथील मांडणी बदला. कुपी आणि तिचीच सिरिंज एका डब्यात ठेवा. दुसऱ्या प्रकारची सिरिंज घरात नकोच.

याच तालमीत साखर उतरल्याचा प्रसंगही घ्यावा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले आणि रुग्ण शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी रक्तातील साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. तो क्रमांक मावशींच्या मोबाइलमध्ये आहे का, तेही तेव्हाच पाहून घ्यावे.