त्यांची स्मॉल बॅच, आपलं लाहन

जबलपूरच्या हिंदी वर्तमानपत्रांत एक बातमी वर्षातून अनेकदा येते. आबकारी खात्याचा छापा, अमुक किलो महुआ लाहन नष्ट, तमुक लिटर कच्ची जप्त, दोन-तीन बायकांवर कलम 34 खाली गुन्हा. वस्ती बहुतेक वेळा कुचबंधिया समाजाची. फोटोत एक हवालदार प्लास्टिकचा ड्रम उलटा करताना दिसतो. चेरीतालला चहा पिता पिता आम्ही ही बातमी वाचतो आणि पान उलटतो, इतकी ती अंगवळणी पडली आहे. लाहन म्हणजे काय, तर पाण्यात भिजवून आंबवलेली मोहफुलं. महाराष्ट्रात पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये त्याला 'रसायन' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, कुठल्या कारखान्याचं ॲसिडच सांडलं.

पुण्या-बेंगळुरूत नोकरीला लागलेली आपली मुलं सुट्टीत घरी येतात तेव्हा त्याच प्रक्रियेची दुसरी नावं सांगतात. ऑफिसची पार्टी असते, टॅपरूममध्ये फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं: फार्महाउस एल, सावर एल, वाइल्ड फर्मेंट, स्मॉल बॅच, स्थानिक साहित्य. कोकम, जांभूळ, नाचणी, कुठं कुठं मोहसुद्धा. सहकारी घोट घेतात आणि त्या आंबट वासाचं कौतुक करतात. आपला पोरगा गप्प बसतो, कारण तो वास त्याच्या ओळखीचा असतो. शाळेत त्याच वासावरून त्याला चिडवलेलं असतं.

या बिअर बनवणाऱ्यांवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. महाराष्ट्रात 2009 मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली, ती राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. त्यानंतर बरेच जण आले. पुण्याचीच 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' इथली फळं आणि धान्यं वापरण्यासाठी ओळखली जाते. परदेशी कृतीची नुसती नक्कल करण्यापेक्षा हे चांगलंच. मला बोलायचं आहे ते परवान्याबद्दल. कुणाचा ड्रम उलटा होतो आणि कुणाच्या टाकीवर दिवे लावले जातात, याबद्दल.

फार्महाउस एल हा प्रकार मुळात कुणाचा होता? बेल्जियमच्या वालोनिया भागात शेतकरी हिवाळ्यात बिअर करून ठेवत आणि उन्हाळ्यात शेतावर येणाऱ्या हंगामी मजुरांना ती देत. म्हणून तिचं नाव 'सेझाँ', म्हणजे हंगाम. मजुरांची बिअर. घरात जे धान्य असेल ते त्यात जायचं, त्यामुळे प्रत्येक शेताची चव वेगळी. सावर एलमध्ये आंबटपणा आणतात ते लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू, म्हणजे दही लावणारे आणि आपली आंबील आंबवणारे त्याच गोतावळ्यातले जीव. ब्रसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर करतात. उकळलेला धान्याचा काढा रात्रभर उथळ टाकीत उघडा ठेवायचा, हवेतलं यीस्ट त्यात आपोआप पडतं, मग तो लाकडी पिंपात वर्षानुवर्षं आंबत राहतो. 2016 मध्ये युनेस्कोनं बेल्जियमची बिअर-संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

आता छोटा नागपूर ते सरगुजा या पट्ट्यातली हंडिया बघा. शिजवलेला भात, त्यात रानूच्या गोळ्या, दोन-तीन दिवस मडक्यात. रानू म्हणजे तांदळाच्या पिठात रानातल्या मुळ्या-साली कुटून केलेल्या गोळ्या, हेच त्यांचं यीस्ट. कुठली मुळी, किती, कधी वाळवायची हे बायकांना ठाऊक असतं आणि ते आईकडून मुलीकडे जातं. बस्तरमध्ये लांदा. ही सगळी आंबट, कमी मद्यार्काची, शेतावर राबणाऱ्यांची पेयं. व्याख्या लावायची तर फार्महाउस सावर हीच. मोहाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण मोहाचं लाहन पुढे गाळलं जातं आणि गाळल्यावर ती कडक दारू होते. पण गाळण्याआधीचं जे मडकं, ते टॅपरूमच्या टाकीपेक्षा फार वेगळं नाही.

मग फरक कुठं आहे? फरक आकड्यात आहे. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम 1915 च्या कलम 34(2) प्रमाणे पन्नास बल्क लिटरपेक्षा जास्त अवैध दारू सापडली तर किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षं कैद, आणि जामीन मिळायची मारामार. मायक्रोब्रुअरीची एक 'स्मॉल बॅच' साधारण पाचशे ते हजार लिटरची असते. म्हणजे त्यांची छोटी बॅच आपल्या तुरुंगाच्या मर्यादेच्या दहापट आहे! उत्तर तयार असतं: त्यांच्याकडे परवाना आहे. बरोबर आहे. पण परवान्याला काय लागतं? जागा, यंत्रसामग्री, परवाना फी, भांडवल, वकील, लेखापाल. दोन मडक्यांसाठी परवाना देणारा रकानाच त्या अर्जात नाही. छोटं असणं ही मोठ्यांनाच परवडणारी गोष्ट झाली आहे.

मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना घरापुरती मोहाची दारू गाळायला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे. अलीकडे 'हेरिटेज मदिरा' धोरण आलं. त्यातून आदिवासी बचत गटांनी केलेली अलीराजपूरची 'मोंड' आणि आमच्या शेजारच्या डिंडोरीची 'मोहुलो' बाटलीत आली. हे पाऊल चांगलं आहे, कारण गाळणाऱ्याच्याच हाती बाटली राहते. पण कुचबंधिया, कंजर, सांसी अशा विमुक्त समाजांना यात जागा नाही. मोह तोच, मडकं तेच. एका घरात तो वारसा ठरतो आणि दुसऱ्या घरात गुन्हा.

विमुक्त म्हणजे कुणापासून मुक्त, हा प्रश्न जबलपूरच्या माणसानं तरी विसरू नये. 1830 च्या दशकात स्लीमननं ठगांविरुद्धची मोहीम याच शहरातून चालवली. 1836 च्या कायद्यानं ठरवलं की माणूस ठगांच्या टोळीतला आहे एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेपेला पुरे, त्यानं नेमका कोणता खून केला हे दाखवायची गरज नाही. पकडलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना कामाला लावायला इथंच 'स्कूल ऑफ इंडस्ट्री' उघडली गेली. गुन्हा हा माणसाच्या कृतीत नसून त्याच्या कुळात असतो ही कल्पना इथं मुरली आणि 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा होऊन देशभर पसरली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. हवालदाराच्या डोक्यातून तो गेला का? भोपाळच्या सीपीए प्रोजेक्टनं 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्या आबकारी गुन्ह्यांचे एफआयआर तपासून अहवाल काढला. पकडले जातात ते मोठे ठेकेदार नव्हेत, थोडा माल घेऊन सापडलेली वंचित जातींतली गरीब माणसं, हे त्यात दिसतं. जबलपूरचे कुचबंधिया त्या अहवालात आहेत.

इथे वाचकांपैकी अनेकांच्या मनात एक आक्षेप आला असेल, आणि तो माझ्याही घरातला आहे. बाबासाहेबांनी 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलात आहे. मग आंबेडकरी माणसानं मडक्याची वकिली का करावी?

दारूनं आपली घरं खाल्ली आहेत हे मला कुणी सांगायला नको. मोहाचं फूल कितीही देखणं असलं तरी पिऊन आलेल्या माणसाचा हात बायकोवर पडायचा राहत नाही. गडचिरोलीच्या दारूबंदीमागे बायकांनीही लढा दिला, तो उगाच नव्हे. पण दारू सोडणं वेगळं आणि दारू गाळणाऱ्या बाईला तुरुंगात टाकणं वेगळं. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिली ती आपल्या माणसांना, स्वतःहून घ्यायची म्हणून. सरकारी दारूबंदीबद्दल मात्र शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या 1951 च्या जाहीरनाम्याची भूमिका विरोधाची होती. महसूल बुडतो आणि घरोघरी चोरून दारू गाळली जाते, हा त्यातला मुद्दा होता. दोन्हींत विसंगती नाही. जोतीरावांनी 1880 मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत दारूच्या दुकानांना हरकत घेतली, ती सरकारच्या आशीर्वादानं वाढणाऱ्या गुत्त्यांना होती. दक्षिण गुजरात आणि ठाण्याच्या बाजूला 1922-23 मध्ये आदिवासींनी देवीच्या नावानं दारू-ताडी सोडली, तेव्हा त्यांचा रोख ज्या पारशी दारू-ठेकेदारांनी त्यांना कर्जात बुडवलं त्यांच्यावर होता.

त्या ठेक्यांना जोर कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळणं मोठ्या भट्ट्यांकडे नेलं. 1892 च्या म्होवरा कायद्यानं ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हाही संशय! महाराष्ट्रात मोहफुलांच्या साठवणुकीवरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठायला 2021 उजाडलं. हा सगळा कायदा लोकांच्या तब्येतीसाठी झाला, असं कुणी म्हटलं तर महसुलाचे आकडे पुढे करावेत.

विषारी दारूचा मुद्दा मात्र खरा आहे. 2015 मध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली, 2021 च्या जानेवारीत मुरैन्यात वीसच्या वर. पण असे बळी जातात ते कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळलं जातं तेव्हा. आंबवलेल्या भाताच्या मडक्यात एवढं मिथेनॉल तयार होत नाही. मुरैन्यानंतर मध्य प्रदेशनं कायद्यात फाशीपर्यंतची शिक्षा आणली. मिथेनॉल कारखान्यातून बाहेर येतं कसं, हे बघण्यापेक्षा मडकं फोडणं सोपं आहे.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून एक प्रसंग सांगतो. ओळखीचा एक मुलगा, घरातला पहिला पदवीधर. एकोणीस वर्षांचा असताना आईनं दिलेले सहा लिटर सायकलवरून नेताना पकडला गेला. तिथं कुणीतरी सल्ला दिला: कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी जा. त्यानं तसं केलं. आईच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. पुढे तो एका सरकारी भरतीत निवडला गेला आणि पडताळणीचा फॉर्म हातात आला. त्यात रकाना: तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का? तो फॉर्म घेऊन तो चेरीतालला माझ्या खोलीवर आला आणि विचारलं, 'नाही' लिहू का?

मी त्याला नको म्हणालो. अवतार सिंग खटल्यात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की माहिती खरी हवी, लपवणं अंगाशी येऊ शकतं. मात्र किरकोळ प्रकरण असेल तर नियुक्ती करणाऱ्यानं त्याकडे दुर्लक्ष करायला वाव आहे. त्यानं 'होय' लिहिलं, सोबत सहा लिटरचा तपशील जोडला. त्याच्याच वयाचे किती जण त्या संध्याकाळी टॅपरूममध्ये बसून मोहाच्या बिअरचा फोटो टाकत असतील, हे माझ्या मनात आलं, पण मी बोललो नाही. त्याला तेव्हा फॉर्म भरायचा होता.

चेरीताल हे नाव बाहेरच्यांना गंमतीचं वाटतं. चेरी म्हणजे दासी. राणी दुर्गावतीच्या काळातली गोष्ट सांगतात की राणीताल राणीनं बांधलं, आधारताल तिचा दिवाण आधारसिंह यानं, आणि चेरीताल तिच्या दासीनं. राणीचं नाव विद्यापीठाला आहे, दिवाणाचं नाव तळ्यात आहे, दासीच्या वाट्याला मात्र तिचं काम नाव म्हणून आलं. तळं तर बुजलंच, त्यावर घरं उभी राहिली. नॉर्वेत शेतकऱ्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या जपलेलं यीस्ट आहे, त्याला ते 'क्वाइक' म्हणतात. आज जगभरचे ब्रुअर ते पाकिटातून विकत घेतात, आणि त्यातला एक प्रसिद्ध वाण ज्या शेतकऱ्याकडून आला त्या सिगमुंड येर्नेसच्या नावानं ओळखला जातो. रानूच्या गोळ्या कुटणाऱ्या बाईचं नाव कुठल्या पाकिटावर आहे?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पन्नास लिटरच्या आत, घरच्या मडक्यात आंबवणाऱ्याला नाममात्र फीचा घरगुती परवाना मिळावा, आणि तो विमुक्त समाजांनाही मिळावा. थोड्या मालाचे जुने खटले सरकारनं मागे घ्यावेत आणि दंड भरून मिटलेल्या प्रकरणांचा डाग पडताळणीतून काढावा. दारू नको म्हणणाऱ्या बायकांचा शब्द वस्तीत अखेरचा असावा. पेसा कायद्यानं 1996 पासून तो अधिकार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आहे, शहरातल्या वस्तीला का नाही? आणि मोहाची, रानूची बिअर विकणाऱ्यांनी ते ज्ञान ज्यांचं आहे त्यांना वाटा द्यावा.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत तुमच्या वस्तीत कुणी कलम 34 मध्ये सापडलं तर कबुली द्यायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्याचं कलम 12 तसं सांगतं. त्या मुलाला हे एकोणीसाव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. त्याची पडताळणी अजून चालू आहे.