निजलेले हृदय आणि मेलेले हृदय

अँजिओग्राफी उरकून रुग्णाला खाटेवर आणले, की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना आत बोलावले जाते. पडद्यावर काळ्या रेषांचे एक झाड हलत असते आणि डॉक्टर त्याच्या फांद्यांवर बोट ठेवून सांगतात, ही ऐंशी टक्के बंद, ही नव्वद, ही तर पूर्णच गेलेली. पुढचा निर्णय तास-दोन तासांत द्यावयाचा असतो. शाळामास्तर असो की कचेरीतला कारकून, त्या घटकेला त्याच्या मनात दोनच आकडे घोळत असतात. एक टक्केवारीचा आणि दुसरा भविष्यनिर्वाह निधीतून किती रक्कम उचलता येईल याचा. त्या रोहिणीच्या पलीकडचा स्नायू जिवंत आहे काय, हा प्रश्न त्या खोलीत सहसा निघत नाही. तो निघावयास हवा. त्याचे उत्तर देणारे साधन आपल्या देशात आले त्यालाही आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे.

टक्केवारीला अर्थ नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो आकडा रोहिणीच्या अरुंदपणाचा आहे, हृदयाच्या स्थितीचा नव्हे. पाटात गाळ किती साचला हे पाहून पाण्याची अडचण ध्यानात येते. टोकाच्या शेतात पाणी पोचते की नाही आणि तिथले पीक हिरवे आहे की वाळून गेले, हे बांधावर गेल्याखेरीज कळत नाही. ऐन झटक्याच्या वेळी तुंबलेली रोहिणी तातडीने मोकळी केल्याने प्राण वाचतात, याविषयी वाद नाही. पण ज्यांचा विकार स्थिर आहे त्यांची गोष्ट निराळी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ या चाचणीत अशा २,२८७ रुग्णांची पाहणी झाली. २०२० च्या ‘इस्केमिया’ चाचणीत ५,१७९ रुग्ण होते व त्यांत भारतातलेही होते. दोन्हींचा निष्कर्ष एकाच दिशेचा निघाला. उत्तम औषधोपचार चालू असता, सरसकट रोहिण्या मोकळ्या करीत सुटल्याने मृत्यूचे प्रमाण घटले नाही. छातीतल्या कळा कमी झाल्या, आणि हा लाभही लहान नव्हे. तथापि ‘उद्याच उरका, नाहीतर काही खरे नाही’ या धाकाला स्थिर रुग्णाच्या बाबतीत त्यातून आधार मिळत नाही.

मग बांधावर जावयाचे कसे? त्याचा एक मार्ग म्हणजे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी. आद्याक्षरांवरून तिला ‘पेट’ म्हणतात, आणि हिंदी कानावर पडलेल्या अनेकांना ही पोटाची तपासणी वाटते! किरणोत्सारी अणू जोडलेले एखादे द्रव्य अत्यल्प मात्रेत शिरेतून टोचतात. त्या अणूतून पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघेही नाहीसे होतात. त्यांच्या जागी समान ऊर्जेचे दोन किरण जवळजवळ नेमक्या विरुद्ध दिशांना धावतात. रुग्णाभोवतीच्या कड्यात बसविलेले शोधक हे जुळे किरण एकाच क्षणी टिपतात, आणि अशा लक्षावधी जोड्यांवरून ते द्रव्य शरीरात कोठे व किती साचले याचा नकाशा संगणक तयार करतो. क्ष-किरणांचे चित्र अवयवाचा आकार दाखविते. हे चित्र पेशी काय करीत आहेत ते दाखविते. कोणते द्रव्य टोचले यावर कोणता प्रश्न विचारला हे ठरते. नायट्रोजन-१३ जोडलेला अमोनिया किंवा रुबिडियम-८२ टोचले तर रक्त कोठवर पोचते ते कळते; फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, जिला संक्षेपाने ‘एफडीजी’ म्हणतात, ती टोचली तर पेशी अन्न घेते की नाही ते कळते.

या साखरेत सारे मर्म आहे. निरोगी हृदय उपाशीपोटी प्रामुख्याने मेदाम्लांवर चालते. रक्ताचा पुरवठा आखडला, की तोच स्नायू ग्लुकोजकडे वळतो, कारण त्यातून कमी प्राणवायूत थोडीफार ऊर्जा काढता येते. काही स्नायू तर आपले आकुंचनच थांबवितात. खर्च कमी करून कसाबसा जीव धरून राहतात. शहाबुद्दीन रहिमतुला या हृदयरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात या अवस्थेची कल्पना ठामपणे मांडली. इंग्रजीत तिला प्राण्यांच्या शीतनिद्रेवरून नाव मिळाले; आपण निजलेला स्नायू म्हणू. इकोच्या पडद्यावर हा निजलेला स्नायू आणि झटक्यात मेलेला, व्रणाचे चामडे झालेला स्नायू सारखेच दिसतात. दोघेही हलत नाहीत. मात्र पेटच्या चित्रात निजलेल्याकडे रक्त कमी आणि साखर भरपूर असे विषम दृश्य दिसते. मेलेल्याकडे रक्तही नसते आणि साखरही नसते. १९८६ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील टिलिश, शेलबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपासपूर्वी १७ रुग्णांची अशी चित्रे घेतली. जे भाग सुधारतील असे भाकित होते त्यांपैकी ८५ टक्के सुधारले. सुधारणार नाहीत म्हटलेल्यांपैकी ९२ टक्के खरोखरच सुधारले नाहीत. रुग्ण थोडे होते, पण मेले म्हणून सोडून दिलेल्या स्नायूला पुन्हा हलताना पाहणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

रक्ताच्या मोजमापाची बाजू आपल्याकडे त्याहूनही दुर्लक्षित आहे. नेहमीच्या थॅलियम किंवा टेक्नेशियमच्या चित्रात हृदयाच्या एका भागाची तुलना दुसऱ्याशी करतात. तिन्ही रोहिण्या सारख्याच आजारी असल्या तर तुलनेला निरोगी भागच उरत नाही आणि अहवाल ‘सामान्य’ येऊ शकतो. पेटमध्ये दर ग्रॅम स्नायूला दर मिनिटास किती मिलिलिटर रक्त मिळते हे प्रत्यक्ष मोजता येते. विश्रांतीत हा आकडा एकच्या आसपास असतो आणि औषधाने हृदयावर ताण आणला असता निरोगी माणसात तो दुपटीहून बराच वर जातो. तो दुपटीपर्यंतही चढत नसेल तर कोठे तरी पाणी मुरते आहे असे समजावे. मोठ्या रोहिण्या स्वच्छ असूनही सूक्ष्म वाहिन्यांचा विकार असलेले रुग्ण असतात. त्यांत स्त्रिया आणि मधुमेही पुष्कळ. जिना चढताना छाती भरून येते अशी तक्रार करणाऱ्या बाईला ‘अँजिओग्राफी चांगली आहे, तुम्ही उगाच काळजी करता’ असे सांगून घरी पाठविले जाते. तिची तक्रार खरी होती हे दाखविणारा आकडा मिळणे, हा केवळ शास्त्राचा विजय नाही.

येथे थांबलो तर हा मजकूर यंत्र विकणाऱ्यांच्या पत्रकासारखा होईल. पेटने मार्ग दाखविला म्हणून रुग्ण अधिक जगतात काय, या कसोटीवर पुरावा मिश्र आहे. कॅनडात ओटावा येथील तज्ज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार-२’ चाचणीत दुर्बल हृदयाचे ४३० रुग्ण होते. वर्षअखेर पेटच्या गटात आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात निर्णायक फरक दिसला नाही. मात्र ज्यांच्या बाबतीत चित्राचा सल्ला प्रत्यक्षात पाळला गेला त्यांना लाभ झाल्याचे आढळले. २०११ च्या ‘स्टिच’ चाचणीतही स्नायू जिवंत असल्याच्या पुराव्यावरून बायपासचा लाभ कोणाला होईल हे सांगता आले नाही. पण तेथे पेट वापरलेच नव्हते, अन्य तपासण्या होत्या. २०२२ साली ब्रिटनमधील ‘रिव्हाइव्ह्ड’ चाचणीत, जिवंत स्नायू असलेल्या ७०० दुर्बल हृदयाच्या रुग्णांत अँजिओप्लास्टीने मृत्यू किंवा हृदयविफलतेसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. स्नायू जिवंत दिसला म्हणजे लगेच स्टेंट घालावा, असा अर्थ काढणाऱ्यांनी हा निकाल पुन्हा वाचावा. आमच्या मते या साऱ्यातून निघणारी गोष्ट माफक पण उपयुक्त आहे. ज्याचा निर्णय उघड आहे त्याला या खर्चात पाडू नये. वय झालेले, हृदय दुबळे, मूत्रपिंडे थकलेली, शस्त्रक्रियेचा धोका मोठा आणि लाभ अनिश्चित, अशा ठिकाणी मात्र अंधारात उडी घेण्याआधी शेत पाहून यावे.

आता आपल्याकडील परिस्थिती. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन चालू झाला. त्यानंतर पेटची यंत्रे अनेक शहरांत आली, पण ती मुख्यत्वे कर्करोगासाठी राबतात. त्यात गैर काही नाही. कर्करोगाच्या रांगा आपण पाहतोच. हृदयाच्या वाट्याला ती कमी येतात याला भौतिकशास्त्राचेही कारण आहे. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, म्हणून ते सायक्लोट्रॉनपासून मोटारीने दुसऱ्या गावी नेता येते. नायट्रोजन-१३ दहा मिनिटांत निम्मे उरते. ज्या आवारात सायक्लोट्रॉन आहे तेथेच त्याचा उपयोग. रुबिडियम-८२ ला सायक्लोट्रॉन लागत नाही, ते अवघ्या ७६ सेकंदांचे सोबती असून शेजारच्या संचातून ऐनवेळी काढतात. पण त्या संचातले स्ट्रॉन्शियम-८२ जगातल्या मोजक्या मोठ्या त्वरकांत बनते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे २५ दिवसांचे. रोज रुग्ण नसतील तर तो संच परवडत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लोरिन-१८ वर आधारित ‘फ्लुरपिरिडाझ’ या रक्तप्रवाहमापक द्रव्याला मान्यता दिली. अशी द्रव्ये येथे आली तर अंतराची ही अडचण बरीच दूर होईल.

परंतु तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. कर्करोगासाठी येणारी साखर हृदयालाही चालते. कृत्रिम झडपेला जंतुसंसर्ग झाला आहे काय हे शोधण्यासाठीही ती वापरतात, आणि संधिवाताच्या तापाने झडपा गमावलेल्यांच्या या देशात त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. सावधगिरीही तितकीच हवी. मधुमेह्याच्या हृदयात ही साखर नीट शिरावी म्हणून इन्सुलिन देऊन काळजीपूर्वक तयारी करावी लागते. ती घाईत केली तर जिवंत स्नायू मेलेला दिसतो. क्षय आणि सार्कॉइड हे दोन्ही विकार चित्रात सारखेच पेटतात. त्यांतला भेद मांसाचा तुकडा काढून पाहिल्याखेरीज ठरत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली व लोकांनी तिचे स्वागत केले. स्टेंट कितीला मिळावा हे ठरले. तो लागतो काय, हे विचारण्याची सोय मात्र कोणी केली नाही. ज्या सार्वजनिक रुग्णालयांच्या आवारात पेट आहे तेथे आठवड्यातील एक सकाळ दुर्बल हृदयाच्या रुग्णांसाठी राखून ठेवता येईल. त्याला नवे यंत्र लागत नाही, वेळापत्रक लागते. आणि सरकारी योजनेखाली अशा रुग्णाची आगाऊ ठरविलेली बायपास किंवा अँजिओप्लास्टी मंजूर करताना अँजिओग्राफीच्या अहवालाशेजारी स्नायूच्या जिवंतपणाचा एक रकाना असावा. तो पेटनेच भरला पाहिजे असे नाही. जेथे पेट नाही तेथे एमआरआय चालेल, डोब्युटामिन देऊन केलेला इको चालेल, आणि तपासणी अनावश्यक वाटली तर तसे कारण लिहून डॉक्टरांनी सही केलेली चालेल. रकाना कोरा ठेवून मंजुरी मिळू नये.