फाटकाशी तरवड

बारामतीत अंगणातल्या झाडाला चार दिवस पाणी घातलं नाही, तर शेजारी विचारतात, "गावाला गेला होता का?" पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलखाची ही सवय आहे. 1876 च्या दुष्काळानं नीरेच्या डाव्या कालव्याला जन्म दिला आणि तेव्हापासून आवर्तन कधी सुटणार, यावर इथली पिकं, लग्नं, भांडणं आणि निवडणुका हलत आल्या. पाणी असलं की द्यायचं, जास्त असलं की जास्त द्यायचं. त्या नादात कालव्याखालच्या कितीतरी जमिनी चोपण झाल्या, तरी हात थांबत नाही. अशा गावात, ज्याला पाणी नकोच असं फुलझाड हौसेनं दारात लावणं हा विक्षिप्तपणा समजला जातो. माझ्या फाटकाशी तरवड आहे.

जिरायती भागातल्या माणसाला तरवड सांगावा लागत नाही. सुप्याकडे, शिर्सुफळच्या माळावर, इंदापुरात कडबनवाडीच्या बाजूला कमरेपासून डोक्यापर्यंत उंचीचं हे झुडूप उभं असतं. पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णं असतात. शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलाटा' त्यावरूनच आलं. पावसाळा उतरणीला लागला की अख्खं झुडूप पिवळंधमक होतं. दुर्मीळ वनस्पतींच्या यादीत तो बसणार नाही. दुर्मीळ आहे तो बागेत. रोपवाटिकेत तरवड मागितला, तर एका मुलानं मला टिकोमाचं रोप आणून दाखवलं. टिकोमा मूळचा अमेरिकेतला. तसं सांगितल्यावर पोरगा म्हणाला, "पिवळंच आहे की हे पण!" वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा बी आपणच आणायचं. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, साधारण बोटभर लांब. हिवाळा सरता सरता वाळून तपकिरी होतात. बियांचं कवच टणक असतं. ते पॉलिश पेपरवर जरा घासावं किंवा बियांवर कढत पाणी ओतून त्या रात्रभर तशाच भिजू द्याव्यात. मग मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की थेट जागेवरच टोकावं. पिशवीत रोप करून नंतर हलवायचा मोह टाळलेला बरा, कारण त्याचं सोटमूळ घाईनं खाली जातं आणि पिशवीच्या बुडाशी वेटोळं घालून बसतं. जागा निवडताना बागेतला सगळ्यात टाकाऊ कोपरा द्यावा. बांधकामातून उरलेला मुरूम, भर ऊन, पाणी निथळून जाईल असा उंचवटा. शेणखत नको. पहिल्या उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी पुरतं, पुढे तेही नाही. काळ्या मातीत, ठिबकच्या ओलाव्यात त्याचा नुसता पाला माजतो, फांद्या लोळतात आणि फूल रुसतं. फुलोरा ओसरला की छाटणी करावी, म्हणजे झुडूप बांधेसूद राहतं.

एक गोष्ट शेतकरी मित्रांसाठी. तरवड शेंगवर्गातला असला तरी त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत, त्यामुळे जमीन सुधारेल या आशेनं तो लावू नये. त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून शेतात गाडायची रीत मात्र जुनी आहे.

शेजारच्या काकूंनी रोप हातभर झालं तेव्हाच विचारलं होतं, "अहो, दारात तरवड? माळावर काय कमी आहे का?" पुढे नवरात्रात घटाला माळ बांधायची वेळ आली आणि कारळ्याची फुलं मिळेनात, तेव्हा परडी घेऊन पहिल्या त्याच आल्या. माळावर जाऊन फुलं आणायची म्हणजे आता आधी माळ शोधावा लागतो.

फूल जवळून बघण्यासारखं आहे. पाच पाकळ्या, त्यांवर बारीक नारिंगी शिरा आणि मध्ये दहा पुंकेसर. पण सगळे एकसारखे नाहीत. वरचे तीन वांझ आणि खालचे लांब, बाकदार. या फुलात मध नावाला नाही. येणाऱ्याला द्यायला परागच काय ते आहेत आणि तेही असे कुलूपबंद की परागकोष उभा फाटत नाही, त्याच्या टोकाला नुसतं छिद्र असतं. सकाळी काळा भुंगा येतो, फुलाला घट्ट बिलगतो आणि पंख मिटूनच अंगातले स्नायू थरथरवतो. भिरभिरतानाचा त्याचा आवाज आणि हा आवाज वेगळा, जास्त चिरका. त्या थरथरीसरशी, चाळणीतून पीठ झडावं तसे पराग खाली येतात. थोडे भुंगा पोटासाठी नेतो, थोडे त्याच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलापर्यंत पोचतात. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरं येतात, ती फुलासाठी नव्हे, पानांवर अंडी घालायला. पानं कुरतडलेली दिसली तर फवारणीचा पंप काढू नये. अळ्यांना खाऊ द्यावं.

शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. चरून उजाड झालेल्या माळावर तरवड तेवढा उरतो, त्यामागे हेही कारण आहे. माणसांनी मात्र त्याला पुरेपूर सोलला. सालीत टॅनिन भरपूर, म्हणून कातडं कमावायला ती वापरायची. मद्रासकडच्या चर्मोद्योगाची मदार एके काळी याच सालीवर होती. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल येऊ लागली आणि तरवडाची मागणी उतरली. तमिळ मुलखात त्याच्या वाळलेल्या फुलांचा चहा आजही करतात. तो प्यायल्यानं साखर उतरते असं ऐकून कुणी डॉक्टरांची गोळी बंद करू नये, एवढंच सांगतो. तेलंगण राज्य 2014 मध्ये झालं आणि त्यांनी राज्यफूल म्हणून तंगेडू निवडला, म्हणजे हाच आपला तरवड. बतुकम्माच्या सणात फुलांचा जो मनोरा रचतात, त्यात तो लागतोच. आपलं राज्यफूल ताम्हण. देखणं आहे, पण ओढ्याकाठचं. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला ते आपल्या हिमतीवर उगवायचं नाही.

माझा हा उद्योग सगळ्यात आधी पटला तो इंदापूरकडच्या एका डाळिंबवाल्या मित्राला. बहार धरायचा तर बागेचं पाणी तोडून तिला ताण द्यावा लागतो, हे तो दर हंगामाला करतो. पानं पिवळी पडताना बघत बसायची हिंमत त्याच्याकडे आहे. शेतात ही अक्कल आपल्याला आहे, मग अंगणात ती का वापरत नाही? दुष्काळ, उष्णता, क्षार अशा ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था 2009 पासून माळेगाव खुर्दला, खडकाळ माळरानावरच उभी आहे. तिथून काही किलोमीटरवरच्या आमच्या कॉलन्यांत मात्र लॉनवर पाइप सोडलेला असतो.

फाटकाशी एक झुडूप लावून माळ वाचतो, असा माझा दावा नाही. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झालं. 5 चौरस किलोमीटरच्या थोडंसं वर. एवढ्या जागेत चिंकारा मावणार नाही; तो आसपासच्या उघड्या माळावरही फिरतो. आणि तो माळ कागदोपत्री 'पडीक'. पावसाळ्यात उत्साही मंडळी तिथे जेसीबीनं खड्डे घेऊन वड-पिंपळ लावतात आणि फोटो काढतात. चिंकाऱ्याला, लांडग्याला, माळटिटवीला गवत आणि विरळ झुडपं हवी असतात, सावली नको असते. ज्यांना झाडं लावायचीच आहेत, त्यांनी ती रस्त्याकडेला आणि आपापल्या अंगणात लावावीत.

बी गोळा करायला अभयारण्यात जाऊ नये. तिथून काही उचलायला मनाई आहे. बांधावर, जुन्या रस्त्यांच्या कडेला फेब्रुवारीपर्यंत शेंगा वाळलेल्या मिळतात. टाकळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून खूण सांगतो: टाकळ्याची शेंग लांब, बारीक, किंचित वाकडी, तरवडाची रुंद आणि चपटी. आणि ठिबकची नळी त्या कोपऱ्यातून जात असेल, तर तिथल्या ड्रिपरला बूच मारायचं.