चौपदरी गुडघा

परवा रात्री साडेदहाला पडेगावहून मावसभावाचा फोन. ‘ताई, रविवारी मॅच आहे. खेळू का?’

एसीएलच्या ऑपरेशनला जेमतेम तीन महिने झालेत याच्या! बॉक्स क्रिकेट खेळताना पाय टर्फमध्ये रुतला, अंग वळलं, कट्कन आवाज आला आणि गुडघ्याचं लिगामेंट गेलं. वाळूजच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळे याचा युक्तिवादही इंजिनीअरचाच. ‘अगं, नवी दोरी जुनीपेक्षा डबल स्ट्राँग आहे. डॉक्टरच म्हणाले.’

डॉक्टर खरंच बोलले. यानं अर्धंच ऐकलं.

तुटलेलं एसीएल टाके घालून सहसा नीट जुळत नाही. म्हणून मांडीच्या मागच्या बाजूचे दोन टेंडन काढायचे, प्रत्येकाची दुहेरी घडी घालायची आणि झालेली चार पदरी दोरी मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडून ओवायची. लॅबमध्ये ओढून बघितलं, तेव्हा तरुण माणसाचं मूळ लिगामेंट साधारण २१६० न्यूटनला तुटलं, म्हणजे २२० किलो टांगल्यासारखं. चार पदरी ग्राफ्टनं ४००० च्या आसपास सोसलं. अट एकच, चारही पदर सारखे ताणलेले हवेत. एखादा सैल राहिला, की तो ऑफिसातल्या काही मंडळींसारखा नुसता हजेरी लावतो आणि भार बाकीच्यांवर!

पण हा सगळा हिशोब नुसत्या दोरीचा. दावं कितीही जाड असलं तरी खुंटा ढिला असेल तर बैल सुटणारच. सुरुवातीला ग्राफ्ट हाडात धरून ठेवतात ते स्क्रू आणि बटणं. टेंडन हाडाला चिकटायला आठ-बारा आठवडे सहज जातात. वाटीखालचा पट्टा दोन्ही टोकांच्या हाडासकट घेतला तर हाडाला हाड लवकर जुळतं, पण मग गुडघे टेकून बसताना पुढून दुखण्याची तक्रार जास्त.

आणि खरी गोम पुढेच आहे. काढलेल्या टेंडनचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आतल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने धागे विरघळून नवे विणले जातात. हे रिपेअरिंग चालू असताना दोरी पहिल्या दिवसापेक्षा कमजोर होते, आणि ती नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. तोवर सूज उतरलेली असते, जिना चढता येतो, बाईक चालवता येते. म्हणजे गुडघा ‘फिट’ वाटतो तेव्हाच आतला माल कच्चा!

‘मग आपल्या सांगलीची स्मृती मानधना?’ साहेबांचा शेवटचा बॉल. बरोबर आहे. जानेवारी २०१७ मध्ये बिग बॅशमध्ये तिचं एसीएल गेलं, आणि जूनमध्ये वर्ल्ड कपला इंग्लंडविरुद्ध ९०, वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६! पण बाबा रे, तिला पाच महिने लागले, तुझे तीनच झालेत. शिवाय गुडघा सांभाळणं हीच तेव्हा तिची नोकरी होती. तुझी शिफ्ट सुटल्यावर फिजिओकडे जायची बोंब.

२०१६ च्या ओस्लो-डेलावेअर अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवाल, तितकं दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं उतरतं. हा आकडा ऐकल्यावर मात्र पलीकडे शांतता. इंजिनीअरला आकडाच लागतो.

मग हळूच, ‘ताई, स्कोअर लिहायला तरी जाऊ ना?’

‘जा. आणि कोणी कमी पडलं तरी फिल्डिंगला उभा राहू नकोस.’

‘...बरं.’

हे ‘बरं’ मला काही बरं वाटलेलं नाही. रविवारी सकाळी मीच पडेगावला जाऊन बसणार आहे.